बाजारपेठेत सशुल्क पार्किंग सुरू करण्यापूर्वी : एका 'क' वर्ग नगरपरिषदेला दिलेले उत्तर

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. नाशिक जिल्ह्यातील आपली नगरपरिषद 'क' वर्गातील, म्हणजे चाळीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येची आहे. बसस्थानकापासून जुन्या पेठेतील चौकापर्यंतचा सुमारे सातशे मीटरचा रस्ता सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत वाहनांनी गच्च भरलेला असतो. येत्या सर्वसाधारण सभेपुढे 'पे अँड पार्क'चा विषय ठेवायचा आहे आणि व्यापाऱ्यांनी 'गिऱ्हाईक तुटेल' असे सांगून लेखी विरोध नोंदवला आहे. दर किती असावा, ठेका कसा द्यावा आणि अंदाजपत्रकात उत्पन्न किती धरावे, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. नाशिकमध्ये राहून मी सव्वीस वर्षे वाहतूक नियोजनाचे काम केले असून त्यातील बराच काळ लहान शहरांच्या बाजाररस्त्यांवर गेला आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. समजा, त्या सातशे मीटरमध्ये आपल्याला चारचाकींच्या चाळीस आणि दुचाकींच्या दोनशे जागा आखता आल्या. दिवसातील दहा तास त्या सरासरी साठ टक्के भरलेल्या राहिल्या आणि चारचाकीला तासाला वीस रुपये दर ठेवला, तर २४० तासांचे ४,८०० रुपये होतात. दुचाकींचे १,२०० तास भरतात. एक दुचाकी सरासरी दीड तास थांबते आणि एका फेरीला पाच रुपये घेतले असे धरले, तर ८०० फेऱ्यांचे ४,००० रुपये होतात. कागदावर दिवसाला ८,८०० रुपये दिसतात. थोडा वेळ थांबणाऱ्यांना दिलेली सवलत, न दिलेल्या पावत्या आणि पावसाचे दिवस वजा केले की हाती साडेपाच हजार येतील, म्हणजे महिन्याच्या २६ दिवसांचे १,४३,००० रुपये. दोन पाळ्यांत मिळून सहा माणसे पंधरा हजार पगारावर ठेवली तर ९०,००० रुपये जातात. यंत्रे, कागद, रंगरंगोटी आणि देखरेख यांना आणखी पंचवीस हजार लागतात. महिनाअखेर उरतात सुमारे अठ्ठावीस हजार रुपये. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत आणि आपल्या रस्त्यावर ते बदलतील, परंतु त्यांचा साधारण आवाका फारसा बदलणार नाही. वर्षाला तीन-साडेतीन लाखांहून मोठी रक्कम अंदाजपत्रकात दाखवू नये. ती एकदा छापली की तो आकडा गाठण्यासाठी योजना वाकवली जाते आणि तेथूनच तिची घसरण सुरू होते.

मग इतका खटाटोप कशासाठी करायचा, असा प्रश्न सभेत येईल. त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले पाहिजे : बाजारात आलेल्या माणसाला कोणत्याही वेळी रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर एक-दोन रिकाम्या जागा मिळाव्यात, यासाठी. पार्किंगच्या अर्थशास्त्राचा सर्वांत सखोल अभ्यास करणारे कॅलिफोर्नियातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी सुमारे ८५ टक्के भरणा हे गमक धरले होते. म्हणजे सात जागांपैकी सहा भरलेल्या असाव्यात आणि एक मोकळी असावी. भरणा त्याहून अधिक असेल तर दर कमी पडतो आहे आणि फार कमी असेल तर दर जास्त आहे, असे समजायचे. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ पासून याच तत्त्वावर एकेका रस्त्याचे दर मागणीनुसार बदलून पाहिले. आपल्याकडे संवेदक आणि संगणकप्रणाली नसेल, पण तत्त्व समजायला त्यांची गरज नाही. केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंगचे शुल्क त्या जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे असे स्पष्ट म्हटले आहे. पेठेत दुकानासमोरची अडीच बाय पाच मीटर जागा आज कोणत्या भावाने जाते, हे आपल्या सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तीच जागा आपण दिवसभर फुकट देत आहोत.

आता सर्वांत महत्त्वाचे काम सांगतो. दर, ठेका, यंत्रे, फलक यांपैकी काहीही ठरवण्यापूर्वी रस्त्यावर वाहने मोजली पाहिजेत. हे काम सल्लागार नेमून करण्याची गरज नाही. स्थानिक महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची दहा-बारा मुले-मुली ते उत्तम करू शकतात. रस्त्याचे शंभर-शंभर मीटरचे सात टप्पे करावेत आणि दोन्ही बाजू वेगळ्या धरून चौदा तुकड्यांचा तक्ता बनवावा. सकाळी नऊ ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाने दोघांनी एक फेरी मारावी आणि प्रत्येक तुकड्यात उभ्या असलेल्या वाहनांच्या क्रमांकांचे शेवटचे चार आकडे, दुचाकी की चारचाकी की मालवाहू, एवढेच लिहावे. मालकाचे नाव किंवा पूर्ण क्रमांक टिपण्याचे कारण नाही. अशी मोजणी एक साधा दिवस, एक आठवडे बाजाराचा दिवस आणि लग्नसराईतला किंवा दिवाळीपूर्वीचा एक दिवस अशी तीनदा करावी. एकच क्रमांक किती फेऱ्यांत दिसला हे मोजले की कोण किती वेळ थांबतो ते कळते, आणि एका जागेवर दिवसभरात किती वेगवेगळी वाहने आली तेही कळते. या दोन आकड्यांशिवाय सभेत होणारी सारी चर्चा अंदाजांची असते आणि अंदाजांच्या चर्चेत ज्याचा आवाज मोठा, त्याचे खरे ठरते.

मी स्वतः जेथे जेथे अशी मोजणी केली, तेथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. सकाळी साडेदहाच्या आत दुकानासमोर लागलेली आणि रात्री आठनंतर हललेली वाहने बहुतांशी दुकानमालकांची, त्यांच्या कामगारांची किंवा वरच्या मजल्यावरील कार्यालये, बँका व दवाखाने यांत काम करणाऱ्यांची होती. नाशिकच्या मेन रोडवर, रविवार कारंजाच्या आसपास किंवा शालिमारच्या परिसरात सकाळी दुकाने उघडण्याच्या सुमारास थोडा वेळ उभे राहिल्यास हे डोळ्यांना दिसते; त्यासाठी तक्ताही लागत नाही. दहा तास एका जागेवर उभी असलेली एक मोटार आणि प्रत्येकी पन्नास मिनिटे थांबणाऱ्या बारा ग्राहकांच्या मोटारी, यांतली निवड व्यापाऱ्यालाच करायची आहे. 'गिऱ्हाईक तुटेल' ही त्यांची भीती खोटी नाही, आणि तिची कधीही टिंगल करू नये. पण गिऱ्हाईक आज कशामुळे तुटते आहे, हे त्यांच्याच रस्त्याच्या तक्त्यावरून त्यांना दाखवले की चर्चेचा सूर बदलतो. तक्ता दाखवताना कोणा एका दुकानाचे वाहन बोट दाखवून सांगू नये. ते सर्वांना माहीत असते आणि न सांगितल्याने आपल्याबद्दलचा विश्वास वाढतो.

व्यापाऱ्यांशी बोलताना कॅलिफोर्नियातील पासाडेना शहराची हकिगत मी नेहमी सांगतो. तेथील जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये रस्त्यावर पार्किंग मीटर बसवायचे ठरले, तेव्हा दुकानदारांचा विरोध याच शब्दांत होता. मीटरचे उत्पन्न त्याच पेठेतील पदपथ, दिवे, झाडे आणि स्वच्छता यांवर खर्च होईल, असे नगर प्रशासनाने मान्य केल्यावर तो मावळला आणि पुढे ती पेठ भरभराटीला आली. आपल्याकडे उत्पन्न थोडे असेल, पण महिन्याचे अठ्ठावीस हजारही त्या सातशे मीटरवर दिसू शकतात : महिलांसाठी नीट राखलेले एक स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याची सोय, उखडलेल्या फरशा वेळेवर बसवणे. त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडण्याचा आणि त्याचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी चौकातल्या फलकावर लावण्याचा उल्लेख ठरावातच असावा. सामान्य निधीत मिसळलेला पैसा पेठेला परत मिळाला, हे कोणालाही पटवून देता येत नाही.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लहान शहराला मी सल्ला देत होतो. मोजणी चांगली झाली होती, दर माफक होते, पट्टे आखले होते. पण ठेका देण्याची रीत जुनी होती, आठवडे बाजाराच्या वसुलीचा लिलाव होतो तशीच : जो सर्वाधिक रक्कम बोलेल त्याला वर्षभर वसुलीचा हक्क. मी त्याला विरोध केला नाही, कारण ती तेथील रूढ पद्धत होती आणि मला ती दुय्यम बाब वाटली. ठेकेदाराने बोलीच्या जोरावर आकडा फुगवला होता आणि तो वसूल करण्यासाठी त्याने ठेवलेली मुले औषधाच्या दुकानासमोर दोन मिनिटे थांबलेल्या माणसाकडूनही पैसे घेऊ लागली. पट्ट्यांच्या बाहेर, गल्लीच्या तोंडाशी, दवाखान्याच्या दारात पावत्या फाडल्या जाऊ लागल्या. ज्या जागा वाहतुकीसाठी मोकळ्या ठेवायच्या होत्या, त्याच जागांतून त्याला अधिक पैसा मिळत होता, म्हणून तो वाहने दाटीने लावून घेत होता. चौथ्या दिवशी बाजार बंद पडला आणि आठवड्याच्या आत योजना स्थगित झाली. त्या शहरात पुढे कित्येक वर्षे 'पार्किंग' हा शब्दही सभेत कोणी काढला नाही. दोष ठेकेदाराचा जितका होता, त्याहून अधिक माझा होता, कारण ज्या कराराने माणसाला जास्त गाड्या कोंबण्याचे बक्षीस मिळते, त्या करारातून मोकळा रस्ता मिळण्याची अपेक्षा मी केली होती.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे ठाम उत्तर असे आहे की वसुलीचा हक्क लिलावात विकू नये. दोन पर्याय उरतात. पहिला, नगरपरिषदेने बाह्यस्रोतातून माणसे घेऊन वसुली स्वतः करावी; दुसरा, सेवा पुरवण्याची निविदा काढून ठेकेदाराला ठरावीक मासिक रक्कम द्यावी आणि जमा होणारा प्रत्येक रुपया थेट नगरपरिषदेच्या खात्यात घ्यावा. यूपीआयचा क्यूआर कोड नगरपरिषदेच्या खात्याचाच असावा, रोख रकमेचा भरणा रोज संध्याकाळी व्हावा, आणि ठेकेदाराच्या देयकातील काही भाग कामाच्या दर्जाशी जोडावा : पट्ट्याबाहेरचे वाहन आढळले तर कपात, पावतीशिवाय पैसे घेतल्याची तक्रार खरी ठरली तर मोठी कपात, गणवेश व ओळखपत्र नसेल तर कपात. दुसरा पर्याय मला अधिक व्यवहार्य वाटतो, कारण 'क' वर्ग नगरपरिषदेत मनुष्यबळ मुळातच अपुरे असते आणि करवसुलीचा कर्मचारी रस्त्यावर उभा केला की कार्यालयातले काम थांबते. लेखापरीक्षक विचारतील की लिलावात पाच लाख मिळत असताना हे का केले. त्याचे उत्तर ठरावाच्या प्रस्तावनेत आधीच लिहून ठेवावे : उद्देश वाहतूक नियमनाचा असून शुल्क हे त्याचे साधन आहे.

कराराची मुदत पहिल्यांदा एक वर्षाहून अधिक ठेवू नये. शिकागो शहराने २००८ मध्ये आपले पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी सुमारे ११५ कोटी डॉलरना एका खासगी कंपनीला दिले, आणि त्यानंतर मिरवणुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी रस्ता बंद केला की बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई शहरालाच करावी लागण्याची वेळ आली. आपल्याकडे गणेशोत्सव, यात्रा, पालखी, निवडणुकीच्या सभा आणि जलवाहिनीची खोदकामे वर्षभर चालू असतात. अशा दिवसांत रस्ता बंद ठेवण्याचा नगरपरिषदेचा हक्क बिनशर्त राहील आणि त्याबद्दल कोणतीही भरपाई देय नसेल, असे कलम करारात असलेच पाहिजे. सिंहस्थाच्या काळात नाशिक आणि त्र्यंबकेश्वरकडे जाणारी वाहने आसपासच्या गावांतून वळवली जातात. त्या काळासाठी वेगळी तरतूद करावी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, परंतु ती हलकी समजू नये. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतील सतराव्या नोंदीत पथदिवे, बसथांबे आणि सार्वजनिक सोयींच्या जोडीने वाहनतळांचा उल्लेख आहे. त्यामुळे हे काम नगरपरिषदेचेच आहे. शुल्क आकारण्यासाठी १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि कायम व्यवस्था करायची असल्यास सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने उपविधी लागतात. मात्र रस्त्यावर वाहन कोठे उभे करता येईल हे ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार राज्य शासनाला किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या प्राधिकरणाला, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून आहे. म्हणून जिल्हा प्रशासन आणि ग्रामीण पोलीस दलामार्फत अधिसूचना निघाल्याशिवाय एकही पावती फाडू नये. आणखी एक बाब येथे नेहमी सुटते : अनेक गावांचा मुख्य रस्ता हा जुना राज्यमार्ग असतो आणि तो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असतो. आपल्या सातशे मीटरचा मालक कोण, हे आधी तपासावे आणि लेखी संमती घ्यावी.

वाहन उचलणे किंवा जॅमर लावणे हे ठेकेदाराच्या माणसाचे काम नाही. चुकीच्या किंवा धोकादायक जागी सोडलेले वाहन हलवण्याचा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम १२७ नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याचा आहे. शुल्क न भरणारा माणूस समोर आला तर कर्मचाऱ्याने वाद न घालता क्रमांक नोंदवावा आणि पट्ट्याबाहेर उभ्या वाहनाबद्दल पोलिसांना कळवावे, एवढीच त्याची मर्यादा असावी. दिवसातून दोनदा वाहतूक पोलिसाची फेरी होईल, एवढे आश्वासन पोलीस निरीक्षकांकडून आधी मिळवावे. ते मिळत नसेल तर योजना पुढे ढकललेली बरी, कारण पट्ट्यातला माणूस पैसे भरतो आणि पट्ट्याबाहेर उभा राहणारा फुकट सुटतो, हे चित्र दोन दिवसांत सर्वांना दिसते.

आता दर. आपण प्रस्तावात दुचाकी, चारचाकी आणि सर्व जागा यांसाठी दिवसाचा एकच दर लिहिला आहे. तो बदलावा अशी माझी विनंती आहे. दिवसभराच्या एकाच पावतीने ज्याला हटवायचे आहे त्यालाच आपण स्वस्तात जागा देतो. दर तासावर असावा आणि तास वाढतील तसा चढावा : चारचाकीला पहिल्या तासाला वीस, दुसऱ्याला तीस, तिसऱ्यापासून प्रत्येकी पन्नास, अशा धर्तीवर. पहिली पंधरा-वीस मिनिटे विनाशुल्क ठेवावीत. औषध, दूध, मुलाची वही यांसाठी थांबलेल्या माणसाकडून पैसे घेण्यात ना उत्पन्न आहे ना शहाणपण. मात्र विनाशुल्क वेळेचीही शून्य रुपयांची, वेळ छापलेली पावती वाहन लागताच दिली पाहिजे, नाहीतर 'मी आत्ताच आलो' या वाक्यावर रोज पन्नास भांडणे होतील.

लहान शहरात खरा प्रश्न दुचाकींचा असतो आणि तोच सर्वांत नाजूक असतो. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दुचाकीसाठी एक बाय दोन मीटर जागा धरलेली आहे, म्हणजे एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी बसतात. त्या हिशेबाने दुचाकीचा दर चारचाकीच्या पाचव्या-सहाव्या भागाहून जास्त असू नये. माझा सल्ला असा की पहिले सहा महिने दुचाकीला पहिला तास पूर्णपणे विनाशुल्क ठेवावा, त्यानंतर पाच रुपये घ्यावेत, आणि पेठेपासून दोन-तीनशे मीटरवरच्या तळावर दुचाकी दिवसभर मोफत लावू द्यावी. दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींचा महिन्याचा पगार किती असतो हे आपणही जाणता; त्यांच्यावर रोजचा खर्च लादून त्यांना पेठेबाहेर घालवणे अन्यायाचे होईल. मोफत तळ हा त्यांच्यासाठी सवलत नसून योजनेचा आधार आहे. तीनशे मीटर चालायला चार-पाच मिनिटे लागतात. वाट सावलीची, दिव्याची आणि महिलांना रात्री साडेआठला निर्धास्त वाटेल अशी असेल, तर लोक चालतात. तसा तळ पडीक भूखंडावर, बाजार समितीच्या आवारात लिलाव नसतानाच्या वेळी किंवा एखाद्या देवस्थानाच्या जागेवर करार करून करता येतो. शाळेचे मैदान मात्र घेऊ नये, रविवारीसुद्धा. एकदा तेथे गाड्या लागल्या की मुलांचा खेळ कायमचा जातो.

पट्टे आखताना रुंदीचा हिशेब आधी करावा. रस्ता नऊ मीटरचा असेल आणि दोन्ही बाजूंना चारचाकी उभ्या राहिल्या, तर पाच मीटर त्यांत जातात आणि मध्ये चारच मीटर उरतात. त्यातून एसटी आणि समोरून येणारा पिकअप एकाच वेळी जाऊ शकत नाहीत, आणि आगीच्या वेळी बंब अडकतो. अशा रुंदीत एका बाजूलाच पार्किंग ठेवावे किंवा सम-विषम तारखांनुसार बाजू बदलावी. चौकाचे कोपरे, गल्ल्यांची तोंडे, रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) परिसर आणि दवाखान्याचे प्रवेशद्वार येथे पिवळी रेघ मारून जागा मोकळी ठेवावी. दिव्यांग व्यक्तींच्या वाहनासाठी किमान ३.६ मीटर रुंदीच्या जागा चौकाजवळ आणि विनाशुल्क असाव्यात.

मालाची चढउतार ही बाजाराची नाडी आहे, आणि प्रस्तावात तिचा एका शब्दानेही उल्लेख नाही. किराणा, कापड आणि सिमेंटच्या दुकानांना छोटा हत्ती किंवा पिकअप दारात लागल्याशिवाय चालत नाही. सकाळी सात ते दहा ही वेळ चढउतारीसाठी राखून ठेवावी आणि दुपारी दोन ते चार प्रत्येक शंभर मीटरमध्ये एक जागा अर्ध्या तासासाठी मालवाहू वाहनांना द्यावी. आसपासच्या खेड्यांतून ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचाही विचार हवा. कांद्याचे किंवा द्राक्षाचे पैसे हाती आल्यावर तो ज्या दिवशी खरेदीला येतो, त्या दिवशी तो पेठेचा सर्वांत मोठा ग्राहक असतो, आणि त्याच्या ट्रॅक्टरला चौकात जागा देता येत नाही. त्याला गावाच्या वेशीवरच स्पष्ट फलक दिसावा आणि तेथे सुरक्षित, विनाशुल्क तळ मिळावा. रिक्षाथांब्याची जागा पट्टे आखण्यापूर्वी रिक्षाचालकांशी बोलून नक्की करावी. हातगाडीवाल्यांना हटवून पार्किंग वाढवण्याचा मोह होईल, तो टाळावा. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार त्यांच्या जागेचा निर्णय नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीनेच घ्यायचा असतो आणि भाजीवाल्या मावशींमुळे पेठेत येणारी माणसे दुकानांतही जातात.

सभेत कोणीतरी बहुमजली वाहनतळाची सूचना करेल. ती निधी आणते, भूमिपूजन होते, म्हणून आकर्षक वाटते. प्रचलित नियोजन मानकांत तळघरात किंवा मजल्यावर एका मोटारीला वाटांसह सुमारे ३२ चौरस मीटर धरतात. बांधकामाचा दर चौरस मीटरला वीस हजार रुपये धरला तरी एका मोटारीच्या जागेला ६ लाख ४० हजार लागतात, आणि ती जागा महिन्याचे २६ दिवस रोज सहा तास वीस रुपयांनी भरली तरी देखभालीचा एक रुपयाही न धरता ते वसूल व्हायला सतरा वर्षे जातात. खाली रस्त्यावर फुकट जागा असताना वर कोणी चढत नाही, हेही आहेच. त्यापेक्षा नगररचना विभागाकडील जुने बांधकाम परवाने काढून पाहावेत. मंजूर नकाशात पार्किंग दाखवलेली तळमजल्याची किंवा तळघराची किती जागा आज गोदाम किंवा गाळा म्हणून वापरली जात आहे, हे तपासले तर पेठेत एकही वीट न लावता बऱ्याच जागा परत मिळतील. हे काम अप्रिय आहे. त्यात सभागृहातील मंडळींची किंवा त्यांच्या नातलगांची बांधकामेही निघू शकतात, आणि निघाली तर सुरुवात तेथूनच झाली पाहिजे. नगरपरिषदेच्या स्वतःच्या व्यापारी संकुलाचे तळघर आधी मोकळे करावे.

सुरुवातीच्या वेळेबद्दल : दिवाळीच्या महिनाभर आधी कधीही सुरू करू नये, आणि निवडणुकीच्या तोंडावरही नाही. पितृपंधरवडा किंवा पावसाळ्यातला ओसरता काळ बरा, कारण बाजार मंद असतो आणि चुका सुधारायला वेळ मिळतो. पहिले दोन आठवडे पैसे न घेता केवळ शून्य रुपयांच्या पावत्या द्याव्यात. माणसे पट्ट्यात लावायला शिकतात, कर्मचारी यंत्र चालवायला शिकतात, आणि चुकीचे आखलेले पट्टे लक्षात येतात. पुण्यात २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केले ते विरोधानंतर मोजक्या पाच रस्त्यांपुरते मर्यादित करून, आणि तेही प्रत्यक्षात आणणे अवघड गेले. आपण सातशे मीटरही एकदम घेऊ नयेत. चौकाजवळचे तीनशे मीटर घ्यावेत, सहा महिन्यांनी तीच मोजणी त्याच पद्धतीने पुन्हा करावी, आणि ज्या तुकड्यात भरणा ८५ टक्क्यांच्या वर आहे तेथे दर वाढवावा, जेथे पट्टे निम्मे रिकामे आहेत तेथे कमी करावा किंवा काढून टाकावा. दर कमी करण्याची तरतूद मूळ ठरावातच असेल, तर व्यापाऱ्यांचा विश्वास बसायला फार मदत होते.

राहिली रस्त्यावर उभी राहणारी माणसे. साऱ्या योजनेचा चेहरा तीच असतात आणि बहुतेक प्रस्तावांत त्यांच्याबद्दल एकही ओळ नसते. त्यांना वसुलीवर टक्केवारी देऊ नये. ठरलेला पगार, भविष्य निर्वाह निधी आणि आठवड्याची सुट्टी द्यावी. त्यांच्यात निम्म्या महिला असाव्यात, बचतगटांतून त्या मिळतात, आणि माझा अनुभव आहे की त्या असल्या की शिवीगाळ लक्षणीय कमी होते. उन्हासाठी छत्री, बसायला खुर्ची, जवळपास स्वच्छतागृह आणि अंगावर नावाचा बिल्ला असावा. प्रत्येक पावतीवर नगरपरिषदेचा तक्रार क्रमांक छापावा. तो फोन पहिले तीन महिने मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात वाजावा आणि आलेल्या तक्रारींची वही प्रत्येक सभेपुढे ठेवली जावी.